सहासष्ट सालच्या ‘घोड्या’साठी घर गहाण? एका मस्टँगचा हिशेब

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४७, औषध कंपनीत आयटीची नोकरी, पत्नी शाळेत अर्धवेळ. मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत. २०१३ मध्ये शेजारच्या निवृत्त कामगाराकडून त्यांनी १९६६ मॉडेलची फोर्ड मस्टँग कूपे ११,००० डॉलरला घेतली. आता ती व्हिंटेज रेसिंगच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या शर्यतींच्या, नियमांत बसेल अशी करून घ्यायची आहे: केज (चालकाभोवतीचा संरक्षक नळ्यांचा पिंजरा), नवं बांधलेलं २८९ घनइंची इंजिन, चार गिअरचा बॉक्स, मागचा नऊ इंची अॅक्सल, डिस्क ब्रेक, फ्युएल सेल (रेसची सुरक्षित इंधनटाकी). गॅरेजनं सांगितलेला आकडा ८५,००० डॉलर. त्यातले २५,००० बचतीतून आणि ६०,००० हेलॉकमधून, म्हणजे घरावरच्या फिरत्या कर्जातून, ८.५ टक्क्यांनी. ते लिहितात, “रेसचालक केन माइल्सनं चालवलेली मस्टँग २०२० मध्ये ३८.५ लाख डॉलरला गेली. तेव्हा ही हौस नाही, गुंतवणूक आहे. पत्नीला आकडा अजून सांगितलेला नाही.”

नमस्कार.

शेवटच्या वाक्याकडे नंतर वळतो. आधी ३८.५ लाखांचं बोलू.

ती गाडी म्हणजे शेल्बी जीटी ३५० चा, म्हणजे कॅरोल शेल्बीच्या कंपनीनं बांधलेल्या मस्टँगचा, रेसिंगसाठी केलेला पहिला नमुना. तिची किंमत केजला किंवा इंजिनाला मिळाली नाही, १९६५ साली ती कुठे, कोणाच्या हातात धावली त्याला मिळाली. तुमच्या गाडीत उद्या तेच सगळे भाग बसवले तरी तो इतिहास बसवता येणार नाही. शिवाय १९६६ मॉडेलच्या मस्टँग सहा लाखांहून जास्त निघाल्या आणि त्यातल्या जवळपास पाच लाख तुमच्यासारख्या कूपे होत्या. दुर्मीळ हा शब्द इथे लागू नाही.

तुमच्या बाजूनंही एक गोष्ट सांगतो, नाहीतर अन्याय होईल. लोक फास्टबॅकच्या, म्हणजे उतरत्या छताच्या मस्टँगच्या, मागे धावतात, पण ट्रान्स-अॅम ही शर्यतींची मालिका १९६६ मध्ये सुरू झाली तेव्हा फोर्डला उत्पादकांचं विजेतेपद मिळवून दिलं ते कूपेनं. पुढच्या वर्षीही तेच. तिथे चार आसनांची सेडान लागायची, म्हणून शेल्बीनं त्या वर्षी रेससाठी मोजक्याच कूपे बांधून दिल्या. तेव्हा रेसिंगची कूपे ही कल्पना वेडगळ नाही. तिची ऐतिहासिक जागा आहे. फक्त ती जागा तुम्हाला पैसे परत देणार नाही.

आता कर्ज. ६०,००० डॉलर दहा वर्षांत फेडायचे तर ८.५ टक्क्यांनी महिन्याला साधारण ७४४ डॉलर पडतात. एकूण व्याज २९,००० च्या पुढे. हेलॉकचा दर बदलता असतो, त्यामुळे हे गणित आजच्या दराचं. आणि हे व्याज करातून वजा होणार नाही: घर घ्यायला, बांधायला किंवा सुधारायला वापरलेल्या कर्जालाच ती सवलत आहे, घराच्या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीला नाही. थोडक्यात ८५ हजारांची गाडी तुम्हाला १,१४,००० ला पडते. तेही अंदाजपत्रक जसंच्या तसं टिकलं तर. या वयाच्या मस्टँगमध्ये विंडशील्डखालचा काउल हा पत्रा आणि चासीला बळकटी देणारे टॉर्क बॉक्स रंगाखाली किती सडलेत, ते रंग खरवडल्याशिवाय कळत नाही. मी अशा कामावर किमान २० टक्के वर धरतो. म्हणजे आणखी १७,००० डॉलर, जे तुमच्या पत्रात कुठेच नाहीत.

पत्रात आणखी एक गोष्ट नाही. ट्रक.

केज घातलेली, रेसचे टायर लावलेली गाडी तुम्ही रस्त्यावरून ट्रॅकला नेणार नाही. नेऊही नये: हेल्मेट नसताना छोट्या धक्क्यानंही डोकं केजच्या नळीवर आपटतं. म्हणजे ट्रेलर आला. गाडी अडीच हजार पौंडांच्या वर, उघडा ट्रेलर दोन हजारांच्या आसपास, आणि तुमच्या दारात जी मिनीव्हॅन असेल तिची ओढण्याची मर्यादा बहुधा ३,५०० पौंड. म्हणून पिकअप हवा. पिकअपचा विमा हवा, ट्रेलर ठेवायला जागा हवी. आमच्याकडे म्हणतात ना, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. पुढचा मसाला असा: रेसचे सीटबेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावेच लागतात, मग ते एकदाच वापरलेले असोत. फ्युएल सेलच्या आतली पिशवीही तशीच. मिलव्हिल, लाइम रॉक, वॉटकिन्स ग्लेन अशा ट्रॅकवर वर्षाला चार वीकेंड धरली तर प्रवेश फी, टायर, पेट्रोल, हॉटेल आणि इंजिनाची देखभाल मिळून मी १२,००० डॉलर धरले. हे माझे धरलेले आकडे आहेत, तुम्ही तुमचे घाला. पण शून्य धरू नका. पत्रात शून्यच आहे.

विम्याचं घाईत सांगतो, कारण लोक इथे फसतात. तुमच्या क्लासिक गाडीच्या पॉलिसीत ठरलेली रक्कम मिळण्याची हमी असेल, पण शर्यत किंवा वेळ लावून चालवणं सहसा त्यातून वगळलेलं असतं. ट्रॅकवर भिंतीला लागली तर सगळा खर्च तुमचा. तुमची आयुर्विम्याची टर्म पॉलिसी काढून बघा, आणि वाढवायची असेल तर अर्जात मोटार रेसिंगच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. हप्ता वाढेल. खोटं उत्तर दिलंत तर त्याची किंमत घरचे मोजतील.

मग गुंतवणूक? विकून नफा झाला तर त्यावर कर आहे, तोटा झाला तर स्वतःच्या वापराच्या गाडीचा तोटा कुठेही वजा होत नाही. अशी एकतर्फी व्यवस्था असलेल्या वस्तूला मी गुंतवणूक म्हणत नाही. हौस म्हणतो. हौसेला मोल नसतं हे मला मान्य, पण तिला हप्ता नसावा.

हेलॉकबद्दल माझा विरोध व्याजापेक्षा वेळेमुळे जास्त आहे. मुलगी दोन वर्षांत कॉलेजला जाईल. नोकरीत काही झालं तर तुमच्या घरात तातडीनं पैसा उभा करण्याची एकच सोय आहे, ती म्हणजे हीच लाइन. ती आधीच इंजिनात ओतलेली नको. ४०१-के मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यातून, कर्ज काढायचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. नोकरी सुटली की ती शिल्लक सहसा त्या वर्षाचं करविवरण भरायच्या मुदतीपर्यंत भरावी लागते, नाहीतर ती उचल धरून कर आणि वर तुमच्या वयात बहुधा दंडही.

मी काय केलं असतं ते सांगतो.

ही गाडी कापली नसती. तुम्ही नंबर लिहून पाठवलात, त्याची सुरुवात ‘६टी०७सी’. सहा म्हणजे १९६६, शून्य सात म्हणजे कूपे, सी म्हणजे दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं २८९ व्ही-८. आणि ‘टी’ म्हणजे मटचेनचा कारखाना, जो प्रत्यक्षात तुमच्याच एडिसनमध्ये रूट १ वर होता आणि २००४ मध्ये बंद झाला. त्या जागी आता दुकानं आहेत. म्हणजे ही गाडी जिथे जन्मली तिथून काही मैलांवर तुमच्या दारात उभी आहे, आणि ज्यांच्याकडून घेतलीत ते तिथेच कामाला होते असं तुम्हीच लिहिलंय. केजसाठी या गाडीचा फ्लोअर कापायचा आणि तिला ट्रेलरवर चढवायचं, यात मला पैशापलीकडेही काहीतरी खटकतं. हे माझं मत, आर्थिक सल्ला नव्हे.

रेस करायचीच असेल तर आधी ट्रॅकवरच्या शाळेत दोन दिवस घालवा, आणि मग तयार गाडी भाड्यानं घेऊन एक-दोन वीकेंड चालवा. गाडी त्यांची, ट्रेलर त्यांचा, गाडी बिघडली की पानेही त्यांचेच. फक्त मोडलं तर काय द्यायचं ते आधी लिहून घ्या. मधल्या काळात जो ७४४ चा हप्ता बँकेला द्यायला तुम्ही तयार होतात, तो दर महिन्याला वेगळ्या बचत खात्यात टाका. दोन वर्षांत व्याज न धरता १७,८०० च्या वर जमतील. हप्ता जड जातोय असं वाटलं तर तेही उत्तरच आहे, आणि थांबायला दंड नाही. दोन वर्षांनी खुमखुमी टिकली असेल तर दुसऱ्यानं बांधलेली, शर्यतींची वही असलेली गाडी बघा. अशा गाड्या बांधायला लागलेल्या खर्चापेक्षा कमी किमतीत विकल्या जातात. त्या मालकाचा तोटा तो तुमचा फायदा. आज तुम्ही त्याच्या जागी बसायला निघाला आहात.

गॅरेजला १५ तारखेपूर्वी ५,००० आगाऊ द्यायचे आहेत ना, ते देऊ नका. आणि आज रात्री जेवणं झाल्यावर पत्नीला आकडा सांगा. ८५ नव्हे, ट्रक, ट्रेलर आणि व्याजासकट सगळा. तो माझ्याआधी त्यांना कळायला हवा होता.

एक काम मात्र या महिन्यातच करून घ्या, बचतीतून. १९६६ च्या मस्टँगला ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असतो. कुठेही गळती झाली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. १९६७ पासून दोन कप्प्यांचा आला. तो आणि पुढचे डिस्क बसवून घ्या, सोबत खांद्यावरून येणारे पट्टे. रविवारी मुलांना घेऊन आइस्क्रीमला याच गाडीतून जाता, असं लिहिलंय तुम्ही.