होकार देण्याआधी व्हिसाही विचार

प्रिय बाळ,

स्थळ चांगलं आहे, घरचे खूश आहेत, मुलगाही आवडलाय असं लिहिलंयस. ठरवून केलेल्या लग्नाला माझा विरोध नाही. इथे न्यू जर्सीत कांदेपोह्यांतून जमलेले कितीतरी संसार सुखाचे आहेत. पण मुलगा अमेरिकेहून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येणार आणि तेवढ्यात बघणं, साखरपुडा, लग्न सगळं उरकणार, या बेताने मात्र माझा जीव धास्तावलाय.

पत्रिका पाहिलीत, पॅकेज विचारलंत. व्हिसाचं काय? तो एच-१बीवर, म्हणजे इथल्या नोकरीच्या व्हिसावर असेल, तर तू एच-४वर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर येशील. त्यावर शिकता येतं, गाडीचं लायसन्स काढता येतं, पण नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना कामाची परवानगी मिळते, तीही बहुतेक वेळा नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी (इथे कायम राहायच्या परवान्यासाठी) कंपनीने भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला असेल तरच, आणि वेगळा अर्ज करून. ती नसेल तर सहसा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांकही मिळत नाही. दरवर्षीच्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे आपल्या लोकांची ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. त्याची नोकरी गेली किंवा घटस्फोट झाला, तर तुझा एच-४ही जातो.

पुण्यात अख्खी टीम सांभाळलेली एक मुलगी इथल्या इंडियन ग्रोसरीत हिंगाची डबी उचलून पुन्हा रॅकवर ठेवताना मी पाहिलीय. कार्ड नवऱ्याच्या नावावर, आणि संध्याकाळी प्रत्येक खर्चाचा हिशेब. नवरा वाईट नव्हता गं. तिच्या हातात स्वतःचं काही नव्हतं, आणि त्याची दोघांनाही हळूहळू सवय झाली. मला सगळ्यात भीती वाटते ती याची.

म्हणून त्याच्याशी तू स्वतः बोल. बाबांकरवी नको, आणि खोलीत दुसरं कुणी नको. आय-१४० कुठवर आलाय? परवानगी मिळेपर्यंत माझ्या खर्चाचं काय, खातं जॉइंट असेल का? भाडेकरारावर माझं नाव घालशील? मला पुढे शिकायचं असेल तर फी कोण भरणार? उत्तरं काय येतात त्याहून तो कसा बोलतो ते नीट ऐक. ‘आलीस की बघू’ म्हणाला तर तिथेच थांब आणि पुन्हा विचार. चिडला, तर आईला सांग.

निघायचं ठरलंच तर पासपोर्ट आणि ओरिजिनल मार्कशीट तुझ्याच पर्समध्ये राहू देत, सासूबाई कितीही प्रेमाने ‘कपाटात ठेवते’ म्हणाल्या तरी. लग्नाच्या दाखल्यासकट सगळ्याचे फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेव. घरात छळ झाला तर आपल्याकडच्या बायकांना मदत करणारी ‘मानवी’ ही संस्था इथे न्यू जर्सीत १९८५ पासून आहे, न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून ‘सखी’. दोन्ही नंबर फोनमध्ये असू देत. आधी नंबर घेतला म्हणजे नवऱ्यावर अविश्वास दाखवला असं होत नाही.

हॉलचा ॲडव्हान्स गेलाय म्हणून आता नाही कसं म्हणू, असं तू शेवटी लिहिलंयस. ते पैसे बुडू देत. तारीख पुढे ढकलायला सांगितल्यावर ज्यांना अपमान वाटतो, त्यांच्या घरी पुढे कशालाही नाही म्हणणं तुला किती जड जाईल, याचा विचार कर. बाबांपुढे बोलायचं धाडस होत नसेल तर मी बोलते. रविवारी सकाळी तुमच्याकडे सगळे घरी असतात ना? तेव्हा फोन करते. त्याआधी त्याच्याशी बोलून घे.

तुझी,
मावशी