पावसाळ्यातलं रीडिंग खरं की उन्हाळ्यातलं?

प्रश्न : आमची इमारत शाहूपुरीत, जयंती नाल्याजवळ. २०१९ च्या पुरात पार्किंगचे कॉलम बुडाले होते. अल्ट्रासोनिक (काँक्रीटमधून ध्वनिलहर सोडून करतात त्या) तपासणीत ३०० मिमी जाडीच्या कॉलममधून लहर जायला जुलैत ७५ मायक्रोसेकंद लागले, मे महिन्यात ७९. जिन्याजवळच्या कॉलमला मात्र ७६ चे ९८ झाले. कॉलम खराब होत चाललेत का?
– एक सभासद, कोल्हापूर

उत्तर : सगळे नाहीत. ७५ म्हणजे सेकंदाला ४ किलोमीटर वेग, ७९ म्हणजे ३.८. भारतीय मानकाच्या जुन्या तक्त्यात ३.५ ते ४.५ ‘चांगलं’ धरतात. ओल्या काँक्रीटमध्ये छिद्रांत हवेऐवजी पाणी असतं, म्हणून लहर वेगाने जाते. कडक उन्हात काँक्रीट तीस अंशांच्या वर तापलं की वेग थोडा उतरतो. पाच टक्क्यांचा हा फरक हवामानाचा धरायला हरकत नाही.

जिन्याजवळच्या कॉलमची मात्र मला खरंच काळजी वाटते. तिथला वेग ३.९ वरून ३.१ वर आलाय, आणि एवढी घट ऊन करत नाही. भेगेत पाणी असलं की लहर त्यातून सरळ पार होते. भेग सुकली की वळसा घालून जाते, वेळ वाढतो. जुलैतल्या पाण्याने बहुधा भेगच झाकली होती.

आता त्याच खुणेवर, प्लास्टर काढून, दोन्ही प्रोबना (एक लहर सोडतो, दुसरा टिपतो) नीट ग्रीस लावून, सकाळी गारव्यात पुन्हा मोजा. सळईच्या रेषेत प्रोब धरू नका, पोलादातून लहर जास्त वेगाने जाते आणि आकडा उगाच चांगला दिसतो. शेजारचा चांगला कॉलमही त्याच वेळी मोजा. फरक राहिलाच, तर कोअर, म्हणजे तपासणीसाठी काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून घ्या आणि तोवर त्या कॉलमला टेकू द्या.