ब्लॉक मोठा म्हणून भाव वाढेल का?

प्रश्न : सहा लाखांची एफडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय. बिटकॉइन कॅशचे ब्लॉक बिटकॉइनपेक्षा मोठे आहेत, व्यवहारही स्वस्तात होतात. पुढे त्याचाच भाव वाढणार असेल, तर सगळी रक्कम त्यात टाकू का? मुलगी अकरावीत आहे, इंजिनीअरिंगला जायचं म्हणते. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : नको. तांत्रिक माहिती तुम्ही बरोबर दिलीत, पण त्यावरून भावाचा अंदाज बांधता येत नाही.

बिटकॉइनचे सगळे व्यवहार एका सामाईक डिजिटल नोंदवहीत नोंदले जातात; ब्लॉक म्हणजे त्या वहीचं एक पान. 2010 मध्ये बिटकॉइनच्या ब्लॉकला 1 एमबीची मर्यादा घातली गेली. त्यात सेकंदाला जेमतेम सात व्यवहार बसतात. मर्यादा वाढवा, असं एका गटाचं म्हणणं होतं. ब्लॉक फुगले तर संपूर्ण नोंदवही घरच्या कॉम्प्युटरवर ठेवणं सामान्य माणसाला जड जाईल आणि सूत्रं मोजक्या बड्यांच्या हाती जातील, ही दुसऱ्या गटाची भीती होती. 1 ऑगस्ट 2017 ला फूट पडली आणि 8 एमबी ब्लॉकचं बिटकॉइन कॅश हे वेगळं नाणं निघालं. 2018 मध्ये ती मर्यादा 32 एमबी झाली. पण ते ब्लॉक बहुतेक वेळा रिकामेच जातात. जागा झाली, गिऱ्हाईक आलं नाही. डिसेंबर 2017 मध्ये बिटकॉइन कॅशच्या एका नाण्याला साडेतीन हजार डॉलरच्या वर भाव होता, तो पुन्हा कधी दिसला नाही. मला दुसऱ्या गटाची भीती रास्त वाटते. पण पहिला गट बरोबर असता, तरी माझं उत्तर हेच असतं.

कारण आपल्याकडचा क्रिप्टोवरचा कर. समजा, एका नाण्यात लाखाचा फायदा झाला आणि दुसऱ्यात लाखाचा तोटा. हाती शून्य. तरीही फायद्यावर 30 टक्के आणि वर सेस, म्हणजे 31,200 रुपये भरायचे. तोटा वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. विकताना 1 टक्का टीडीएस कापला जातो तो वेगळा. तो निदान रिटर्न भरताना जमेस धरता येतो.

आणि हे पैसे मुलीच्या फीचे आहेत, दोन वर्षांत लागणारे. अगदीच राहवत नसेल तर घरी सांगून पंचवीस हजार घाला. भाव पडला म्हणून त्यात भर मात्र घालू नका.

बाकीच्या रकमेच्या दोन बँकांत दोन एफडी करा. ठेवविमा एका बँकेत व्याजासकट पाच लाखांपर्यंतच आहे, आणि क्रिप्टो एक्स्चेंजवरच्या पैशाला तोही नाही. मुदत बारावीनंतरच्या जूनमध्ये संपेल अशी घ्या, म्हणजे प्रवेशाच्या वेळी एफडी मोडावी लागणार नाही.