पाणी तेवढंच, गाळ तिप्पट: असं का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: एकाच पुरात चढताना आणि ओसरताना, नदीची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर पाणी सारख्याच खुणेला असताना दोन बाटल्या भरल्या. पहिलीत गाळ तिप्पट निघाला. नमुना चुकला का?

बहुधा नाही. झिजणाऱ्या डोंगराळ पाणलोटात पाणी ठरवतं ती वाहून नेण्याची ताकद. न्यायला माल आहे का, हे वरचे उतार ठरवतात. पहिल्या सरींनी सुटी झालेली माती आणि मागचा पूर ओसरताना पात्रात बसलेला बारीक पोयटा चढत्या पाण्याबरोबर आधी निघून जातो. ओसरताना पाणी तेवढंच असतं, पण घर धुऊन झालेलं असतं. विसर्ग (दर सेकंदाला वाहणारं पाणी) आडवा, गाळाचं प्रमाण उभं असा आलेख काढून बिंदू वेळेच्या क्रमाने जोडा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारं कडं दिसेल.

कडं उलट फिरलं तर गाळाचा उगम लांब, वरच्या अंगाला असू शकतो. किंवा काठ ढासळले असतील. भिजून जड झालेल्या काठाला पुराचं पाणी टेकू देत असतं, ते उतरलं की काठ बसतो. मध्येच दरड कोसळली तर कोणताच आकार धड राहत नाही.

हे सगळं तरंगत्या गाळाचं. तळाशी गडगडणाऱ्या गोट्यांचा हिशेब वेगळा. अर्धा मीटर खोल पाणी आणि १०० मीटरला २ मीटर उतार असेल, तर पाण्याची तळावरची ओढ साधारण ९८ न्यूटन प्रति चौरस मीटर येते. किती ओढीला केवढा गोटा हलतो हे सांगणाऱ्या शील्ड्सच्या निकषाने (गुणांक ०.०४५ धरून) एवढ्यात १३ सेंटिमीटरचा गोटा हलायला हवा. प्रत्यक्षात बरीच ताकद मोठ्या धोंड्यांशी झटापटीतच खर्च होते, त्यामुळे हा आकडा वरची मर्यादाच समजा. तुमच्या बाटलीत मात्र यातलं काहीच येत नाही, हे लक्षात असू द्या.

आता वार्षिक गाळ काढायचा तर बहुतेक जण विसर्ग आणि गाळाचा भार यांचे लॉगरिदम घेऊन सरळ रेषा बसवतात. घातांक, म्हणजे त्या रेषेचा चढ, २ आला, तर विसर्ग दुप्पट झाल्यावर गाळाचा भार चौपट होतो, म्हणून वर्षाचा बराचसा गाळ मोजक्या पुरांतच जातो. पण लॉगमधून मूळ आकड्यांत परत येताना उत्तर कमी येतं. नद्यांचे अभ्यासक फर्ग्युसन यांनी १९८६ मध्ये दाखवलं की ही तूट ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. दुरुस्तीचा गुणक लावाच. चढत्या आणि उतरत्या पुरासाठी वेगळ्या रेषा बसवल्या तर आणखी बरं.

आमची फजिती सांगतो. एका हंगामात आम्ही उजाडल्यावर नमुने घ्यायचो. पूर यायचे रात्री. हाती सगळी उतरती बाजूच लागली आणि पाणलोट भलताच शहाणा वाटला! पुढच्या वर्षी पातळी चढू लागताच बाटल्या भरणारं यंत्र लावलं आणि आधीचा हिशेब अक्षरशः फाडून टाकला. गढूळपणा मोजणारा सेन्सर चालेल, फक्त तो बारीक कणांना जास्त आणि वाळूला कमी दाद देतो. बाटल्यांशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नका.

त्या पुराच्या किती दिवस आधी मोठा पाऊस झाला होता? तेवढं आणि बाटल्यांच्या वेळा टाका, मग कडं नेमकं कशामुळे फिरलं ते बघू.