पहिला वॉटर-कूलिंग लूप: एवढं सांभाळा

लूप म्हणजे नळ्यांतून पाणी फिरवून संगणक थंड ठेवणारी रचना. पहिला लूप फक्त सीपीयूपुरता (संगणकाच्या मुख्य चिपपुरता) ठेवा; मध्यम सीपीयूला २४० मिमी रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी) पुरतो. नक्की जमेल.

- वॉटरब्लॉक (सीपीयूवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच घ्या. स्वस्त ॲल्युमिनियमचा मिसळला की धातू झिजतो आणि ब्लॉकच्या बारीक खाचा तुंबतात. नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक हीच.
- विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको. डिस्टिल्ड वॉटर आणि शेवाळरोधक घाला.
- टाकी पंपाच्या वर. पंप कोरडा फिरवू नका.
- बाकी भागांची वीज काढून फक्त पंप २४ तास चालवा, गळती कळावी म्हणून जोडांखाली टिश्यू ठेवा.

लूपमधलं पाणी आपोआप खोलीपेक्षा थंड होणार नाही. पण ते आणखी थंड करायला टाकीत बर्फ घालू नका: गोव्याच्या दमट हवेत नळ्यांवर दव धरून ते मदरबोर्डवर ठिबकेल.