मे महिन्यात सोलापुरात भरदुपारी हेलिकॉप्टर कमी माणसं का घेतं?

हवा विरळ होते म्हणून. सोलापूर साधारण 1,500 फुटांवर. प्रमाण वातावरणात, म्हणजे विमानशास्त्रात तुलनेसाठी ठरवलेल्या सरासरी हवेत, तिथं 12 अंश धरतात. पारा 42 वर गेला की 30 अंश जास्त. दर अंशाला 120 फूट धरा: हेलिकॉप्टरच्या लेखी सोलापूर 5,100 फुटांवर, महाबळेश्वरपेक्षाही उंच!

रोटरचे (वरच्या फिरत्या पात्यांचे) फेरे ठरलेलेच, त्यामुळे पायलट कलेक्टिव्ह नावाचा दांडा ओढून पात्यांचा कोन वाढवतो. कोनाबरोबर ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो, ताकद जास्त लागते. आणि नेमकी तेव्हाच टर्बाइन इंजिनाची ताकद घटलेली असते. खरी कसोटी हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी स्थिर राहताना. 16 ते 24 नॉट (ताशी साधारण 30 ते 45 किमी) वेग आला की रोटरला न ढवळलेली हवा मिळते, ताण उतरतो. समोरच्या वाऱ्यानंही हेच होतं, म्हणून नाक वाऱ्याकडे ठेवतात. वजन कमी करायचं नसेल तर सकाळी सातलाच निघावं.