इनहेलरची खोकी टाकू नका, ताई

प्रश्न: मी मूळची पुण्याची, 14 वर्षं झाली डॅलसजवळ राहते. नवरा मराठीच पण लहानपणापासून इकडे वाढलेला, अमेरिकन आर्मीत होता, 2007-08 मध्ये इराकला बलादच्या तळावर ट्रक दुरुस्त करायचा. परत आल्यावर दोनेक वर्षांत दम लागायला लागला, डॉक्टर म्हणाले अस्थमा. रोज दोनदा इनहेलर, आणि नाक बारा महिने चोंदलेलं. 2014 ला व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडे, अस्थमाच्या भरपाईचा क्लेम टाकला होता, सर्व्हिसशी संबंध दिसत नाही म्हणून रिजेक्ट झाला. आता विषय काढला की म्हणतो, ज्यांचे हातपाय गेले त्यांना मिळू दे, मला काय धाड भरलीय. एक कन्सल्टंट मागे लागलाय, म्हणतो सगळं करून देतो, वाढीव रकमेचे पहिले पाच महिने माझे. काय करू? आणि पुढेमागे पुण्याला परत यायचं ठरलं तर?

उत्तर: ताई, आधी त्या कन्सल्टंटला नाही म्हणून टाका, मग पुढचं वाचा. व्हीएची मान्यता नसलेल्या माणसाला क्लेम तयार करून देण्याचे पैसे घेताच येत नाहीत. अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटनांची माणसं हेच काम फुकट करतात, शिवाय टेक्सासमध्ये काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, माजी सैनिकांना मदत करणारा व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर असतो, त्याची अपॉइंटमेंट घ्या.

आता बलाद. तिथे सुमारे 10 एकरांचा बर्न पिट होता, म्हणजे उघड्यावरची कचरा जाळायची जागा, आणि त्यात प्लॅस्टिक, बॅटऱ्या, रंगाचे डबे, दवाखान्याचा कचरा, जे हाताला लागेल ते विमानाचं इंधन ओतून पेटवायचे, रात्रंदिवस. नवऱ्याला विचारा, सकाळी थुंकी काळी यायची का. बहुतेक हो म्हणेल, आणि आजवर तुम्हाला सांगितलं नसेल.

2014 ला नाकारलं त्यात नवल नाही, तेव्हा बर्न पिटचे दर चारातले तीनेक क्लेम असेच परत यायचे कारण धुरानेच दमा झाला हे शिपायाने सिद्ध करायचं होतं, आता धूर काय कोणी पुडीत बांधून आणतं का! 10 ऑगस्ट 2022 ला पॅक्ट कायद्यावर सही झाली आणि हे ओझं उतरलं. कायद्याला हीथ रॉबिन्सन या ओहायोच्या सार्जंटचं नाव आहे, इराकहून आला आणि 2020 मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेला. त्याच्या सासूने जावयासाठी वॉशिंग्टनला हेलपाटे घातले, हे आपल्याकडच्या लोकांना मी मुद्दाम सांगते. तर आता 2 ऑगस्ट 1990 नंतर इराकमध्ये होता आणि सर्व्हिसनंतर अस्थमा निघाला, एवढं कागदावर दिसलं की संबंध आहे असंच धरतात. नाक आणि सायनसचे जुनाट त्रास, सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजार, बरेच कॅन्सर, सगळे असं धरायच्या आजारांच्या यादीत आहेत. क्लेम टाकायला शेवटची तारीखबिरीख काही नाही.

अस्थमा एकदा नाकारलाय म्हणून त्यासाठी सप्लिमेंटल क्लेम, म्हणजे नाकारलेला क्लेम पुन्हा तपासायला लावायचा अर्ज, फॉर्म 20-0995. नाकाचा क्लेम नवा, त्यासाठी आधी इंटेंट टू फाइल, म्हणजे क्लेम टाकणार असल्याची सूचना, टाकून ठेवा, म्हणजे तारीख धरून राहते आणि कागद गोळा करायला एक वर्ष मिळतं. डीडी-214 म्हणजे लष्करातून सुटल्याचा दाखला, तैनातीचे कागद, निदानाचा पहिला रिपोर्ट हे लागेलच, पण इनहेलरची रिकामी खोकी घरात असतील तर तीसुद्धा टाकू नका आणि फार्मसीकडून वर्षाचा प्रिंटआउट काढा, कारण किती टक्के अपंगत्व धरायचं ते औषधावरूनही ठरतं. इनहेलर रोज लागत असेल तर साधारण 30 टक्के मिळतात, म्हणजे महिन्याला 500 डॉलरच्या वर, टॅक्स नाही, आणि 30 पासून बायकोची भरही पडते.

उपचारांसाठी तर क्लेम मंजूर व्हायची वाटसुद्धा बघू नका. 5 मार्च 2024 पासून असे सगळे माजी सैनिक थेट व्हीए हेल्थकेअरला नाव घालू शकतात. तिथे पाच-दहा मिनिटांचं टॉक्सिक एक्स्पोजर स्क्रीनिंग, म्हणजे विषारी धूर-रसायनांशी संबंध आला का याची विचारपूस, होतं, फक्त प्रश्न विचारतात, सुई नाही की काही नाही.

खरी अडचण तुमचा नवराच आहे. क्लेमच्या तपासणीला गेला की सवयीने म्हणणार, आय अ‍ॅम फाइन, आणि डॉक्टर तेच लिहिणार. वाढवून सांगू नका, पण जिना चढताना कितव्या पायरीला थांबतो, रात्री किती वेळा उठून बसतो हे तुम्ही आधीच चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात घाला. आणि हातपाय गेलेल्यांचं म्हणाल तर त्यांच्या ताटातलं हा काही काढून घेत नाहीये, याचा क्लेम पास झाला म्हणून त्यांचा एक डॉलर कमी होत नाही, हे त्याला माझं नाव घेऊन सांगा.

पुण्याचं: भरपाईची रक्कम भारतात राहूनही चालू राहते. उपचारांसाठी परदेशात राहणाऱ्यांचा खर्च देणारा व्हीएचा फॉरेन मेडिकल प्रोग्राम आहे, निघायच्या आधी नाव नोंदवा. पण त्यात सर्व्हिसशी जोडलेल्या आजारांचाच खर्च मिळतो, म्हणजे दम्याचा मिळेल, गुडघ्याचा नाही, म्हणून नाकाचा क्लेम आत्ताच टाका म्हणतेय. आणि दवाखान्यातून बिल घ्याल ते निदान आणि औषधांची नावं लिहिलेलं घ्या, चिठोऱ्यावर 'औषधे 4000 रु.' असं खरडून दिलेलं चालत नाही.